'जोपर्यंत'मधला 'नाही' इंग्रजीत नेऊ नका

२०२३ च्या तलाठी भरतीत इंग्रजीला २५ प्रश्न होते, ५० गुण. सांगली-साताऱ्याच्या अभ्यासिकांत पोरं गणिताला तासन् तास देतात आणि इंग्रजी झोपायच्या आधी उरकतात. मग गुण जातात ते ओळखीच्याच शब्दांत.

सगळ्यात जास्त घात करतो तो 'अंटिल'. आपण म्हणतो, "जोपर्यंत पाणी ओसरत नाही तोपर्यंत पूल ओलांडू नका." मराठीत हे शंभर टक्के बरोबर. पण इंग्रजीत 'अंटिल द वॉटर रिसीड्स'. पर्यायात 'डझ नॉट रिसीड' मुद्दाम दिलेलं असतं आणि मनात मराठी वाक्य घोळत असलं की तेच बरोबर वाटतं. म्हणून वाक्य मराठीतच बदलून घ्या: अंटिल म्हणजे 'ओसरेपर्यंत', अनलेस म्हणजे 'ओसरल्याशिवाय'. 'नाही' आपोआप गळतो. लेस्ट म्हणजे 'होऊ नये म्हणून'. नकार त्याच्या पोटातच आहे, तेव्हा पुढे शुड आणि मूळ क्रियापद, शुड नॉट नाही. 'ॲज लाँग ॲज' मात्र वेगळं, 'आहे तोवर'. तिथे नॉट चालतो. "लेस्ट दिसलं की शुडवर टिक करा" एवढंच शिकवणारे इथेच गोत्यात आणतात, कारण शुड दोन पर्यायांत असतं.

दुसरी खोड जोडीची. जरी-तरी, कारण-म्हणून ही आपली सवय. इंग्रजीत 'दो' (though) आलं की बट नको (येट चालतं), बिकॉज आलं की सो नको.

क्रियापदासाठी सांगलीचा आयर्विन पूल डोळ्यासमोर आणा. तिथे कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. "पातळी ४५ फूट ओलांडली तर गाव हलवतील." 'ओलांडली' भूतकाळी दिसतं म्हणून हात 'क्रॉस्ड'कडे जातो. थांबा, आधी दुसरा भाग बघा. तिथे विल असेल तर इफनंतर क्रॉसेस, वुड असेल तर क्रॉस्ड, वुड हॅव असेल तर हॅड क्रॉस्ड. इफच्या भागात विल दिसलं तर तो पर्याय बहुतेक वेळा खोडायचाच.

'होताच' या अर्थाच्या नो सूनरच्या जोडीला दॅन, हार्डलीच्या जोडीला व्हेन. नो सूनरनंतर हॅड असेल तर तिसरं रूप, डिड असेल तर पहिलं. 'डिड लेफ्ट' हा सापळा नेहमीचा. ॲज वेल ॲजमध्ये क्रियापद पहिल्या कर्त्याप्रमाणे, नायदर-नॉरमध्ये जवळच्या.

मराठी माध्यमाचे आहात म्हणून घाबरू नका. हे नियम मोजकेच आहेत, महिन्याभरात हाताखाली येतात. पण मोबाईलवर फिरणाऱ्या शंभर ट्रिकांच्या पीडीएफने येत नाहीत. जुन्या पेपरचे रोज २० प्रश्न घ्या आणि बरोबर उत्तर सोडून उरलेल्या तिन्ही पर्यायांसमोर ते का चुकले हे पेन्सिलीने लिहा. जिथे कारण सुचत नाही तो नियम अजून कच्चा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच सुरू करा.