हिरड्यांतून रक्त: बाभळीच्या सालीचा काढा, पण आधी दातांची सफाई

दात घासून चूळ भरली की पाणी गुलाबी. खालच्या पुढच्या दातांच्या हिरड्या सुजून जांभळट झालेल्या, सकाळी तोंडाला वास. लवंगेचं तेल लावलं, नुसता बधिरपणा आला. तुरटी चोळली, हिरडी सोलवटली. चार महिने याच्यात गेले, फार वैताग आला.

उपयोग झाला तो असा. आधी दातांच्या डॉक्टरांकडून कीटण काढून घेतलं. दगडासारखं घट्ट झालेलं कीटण कुठल्याच काढ्याने निघत नाही, हे मला उशिरा कळलं. मग बाभळीच्या वाळक्या सालीचे बोटभर दोन तुकडे ठेचून दोन पेले पाण्यात, एक पेला उरेपर्यंत उकळले. पाणी विटकरी होतं. गाळून, कोमट झाल्यावर चिमूटभर सैंधव घालून रात्री मऊ ब्रशने दात घासल्यावर अर्धा मिनिट तोंडात धरायचं, थुंकायचं. गिळायचं नाही. सालीतल्या तुरट द्रव्याने हिरडी आवळते. काढा रोज ताजा करायचा.

दहाव्या दिवशी चूळ स्वच्छ आली. दात हलत असेल किंवा पू येत असेल तर मात्र काढ्यावर थांबू नका. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या.