साखळीतून सोडवलेला कुत्रा: पहिल्या तीन महिन्यांत या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीतलं बंद पडलेलं गोदाम, वाडीकडचं टिनाचं शेड, नाहीतर एखाद्या फ्लॅटची दिवसभर तापणारी बाल्कनी. दोन हात साखळी, भांड्यात शेवाळ धरलेलं पाणी, कानांत गोचिडांचे घोस आणि बरगड्या मोजता याव्यात असं अंग. अशा कुत्र्याला बाहेर काढणं म्हणजे कामाची जेमतेम सुरुवात. पुढच्या आठवड्यात जे बिघडतं ते बहुधा मायेपोटीच बिघडतं. पहिल्याच दिवशी पोटभर जेवण, अंघोळ, जंताचं औषध, लस आणि रात्री व्हॉट्सॲपवर ‘घर हवं आहे’ असा मेसेज. यातली प्रत्येक गोष्ट करायचीच आहे, पण तिच्या वेळेला.

कागद न घेता कुत्रा उचलणं

कुत्रा मालकाचा असेल तर कायद्याच्या नजरेत तो मालमत्ता आहे. कुंपण ओलांडून साखळी कापणाऱ्यावर चोरीची तक्रार होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे कुत्रा तीन महिन्यांनी चकाकायला लागला की मालक ‘माझा कुत्रा द्या’ म्हणत दारात उभा राहतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला सतत आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि टाकून देणं हे गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, त्यामुळे कायद्याची धमकी देऊन फारसं काही हाती लागत नाही. शांतपणे बोलून लेखी हक्कसोड घेतली तर कुत्रा त्याच दिवशी सुटतो.

कागदावर तारीख, कुत्र्याचा रंग, खुणा आणि अंदाजे वय लिहा. ‘या कुत्र्यावरचा माझा हक्क मी कायमचा सोडत आहे, त्याची नसबंदी करण्यास व त्याला दुसऱ्या घरी देण्यास माझी हरकत नाही’ असं स्पष्ट वाक्य घाला. खाली मालकाची आणि दोन साक्षीदारांची सही घ्या. मालक ऐकतच नसेल तर जागेवरचे तारखेसह फोटो आणि व्हिडिओ घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच मागून घ्या. दोन्ही परिस्थितींत, कुत्रा ताब्यात आल्याच्या दिवशीच पशुवैद्याकडून वजन, ताप आणि जखमा नोंदवलेला अहवाल करून घ्या. तो दोन आठवड्यांनी केला तर त्यात उपासमार दिसत नाही. नागपुरात त्यासाठी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, शिवाय खासगी डॉक्टर आहेतच.

पहिल्या दिवशी पोटभर जेवण

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. बरेच दिवस उपाशी असलेलं शरीर साखर सोडून स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत असतं. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तात वरवर ठीक दिसतात, पण पेशींमधला साठा संपत आलेला असतो. अशा वेळी परातभर दूधभात किंवा ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे पोटात गेले की इन्सुलिन एकदम वाढतं आणि रक्तात उरलेली ही द्रव्यं पेशींत ओढली जातात. रक्तातली पातळी कोसळते, हृदयाचे ठोके चुकतात, लाल पेशी फुटू लागतात. फसवी बाब ही की पहिल्या दिवशी कुत्रा शेपूट हलवतो, ताजातवाना दिसतो. कोसळतो तो साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, आणि तोवर ‘आता बरा आहे’ म्हणून सगळे निर्धास्त झालेले असतात.

हिशेब असा करा. कुत्र्याचं आजचं वजन किलोत घ्या, ३० ने गुणा, त्यात ७० मिळवा. आरामात पडून असताना त्याला दिवसाला लागणाऱ्या कॅलरींचा हा अंदाज आहे. १० किलोच्या कुत्र्यासाठी तो ३७० येतो. पहिल्या दिवशी याचा फक्त पाव भाग, म्हणजे सुमारे ९० कॅलरी द्यायच्या. एका उकडलेल्या अंड्यात साधारण ७५ कॅलरी असतात, त्यामुळे एक अंडं आणि १० ग्रॅम उकडलेलं, बिनमसाल्याचं चिकन एवढंच त्याचं दिवसभराचं जेवण, आणि तेही पाच-सहा वेळा विभागून. दुसऱ्या दिवशी निम्मं म्हणजे १८५, तिसऱ्या दिवशी पाऊण म्हणजे २८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण ३७०. हाडांचा सापळाच उरला असेल तर हाच प्रवास आठवडाभर लांबवा. वजन वाढवण्याचा आहार त्यानंतर, डॉक्टर हो म्हणाले की.

सुरुवातीला भात आणि पोळी अगदी कमी, प्रथिनं आणि थोडी चरबी जास्त. पहिल्या घासाआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. पाणीही एकदम बादलीभर पुढे ठेवू नका, कारण तो घटाघट पितो आणि ओकतो. दर अर्ध्या तासाने अर्धी वाटी पुरे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहत असेल, हिरड्या चिकट लागत असतील, तर तोंडाने पाजत बसू नका. त्याला सलाईन लागणार आहे.

लक्ष कशावर ठेवायचं? उभं राहताना झोकांड्या, थरथर, धाप, झटके, गडद तांबडी लघवी. यातलं काहीही दिसलं तर जेवण थांबवून लगेच दवाखाना गाठा आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायला सांगा.

घरातलं उरलंसुरलं खाऊ घालण्याचा मोहही आवरा. सावजीचा उरलेला रस्सा कुत्र्याला अमृत वाटतो, पण त्यातला कांदा-लसूण लाल पेशी फोडतो, तेलाने स्वादुपिंड सुजू शकतं आणि शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात घुसतात. दुधाने बहुतेक कुत्र्यांना जुलाब होतात, आणि मग हे जुलाब दुधाचे की आजाराचे हे कळेनासं होतं.

पहिल्याच दिवशी अंघोळ

अंगाला वास येतो म्हणून लगेच शांपू घेऊन बसू नका. अशक्त कुत्र्याला ओलं केलं की अंगातली ऊब जाते आणि नळाखाली धरून ठेवल्याने तो तुम्हाला पहिल्याच दिवशी घाबरायला शिकतो. केसांच्या जटा ओल्या झाल्या की आणखी आवळतात, म्हणून आधी मशीनने केस काढायचे. कात्री नको, जटेखालची कातडी ओढून वर आलेली असते आणि सहज कापली जाते. गळ्यात दोरी किंवा पट्टा रुतला असेल तर तो घरी ओढून काढण्याचा प्रयत्नही करू नका. ते काम भूल देऊन दवाखान्यातच करायचं.

जखमेत किडे पडले असतील (पावसाळ्यात हे फार) तर पेट्रोल, रॉकेल किंवा फिनाईल ओतू नका. किडे मरतात, पण जिवंत मांसही भाजतं. खरजेवर जळालेलं इंजिन ऑइल लावण्याची जुनी सवयही सोडा. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जातं. दुखतंय म्हणून माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या देणं तर कटाक्षाने टाळा. पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात.

गोचिड अंगावरचे काढले, भिंतीतले राहिले

अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे अंडी, पिल्लं होऊन फरशीच्या फटींत, दाराच्या चौकटीत, गोणपाटात असतात. एकेक मादी हजारो अंडी घालते. म्हणून एकदा औषध देऊन भागत नाही. किमान तीन महिने चुकवायचं नाही, आणि अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात. गाई-म्हशींच्या गोचिडांचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून अंगभर चोळणं धोक्याचं आहे, कारण सोललेल्या कातडीतून ते भराभर शोषलं जातं. अशक्त कुत्र्याला कोणतं औषध द्यायचं हे काट्यावर वजन करून डॉक्टरांनीच ठरवावं. घरी वजन करायचं असेल तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा.

हिरड्या पांढऱ्या, ताप उतरत नाही, नाकातून रक्त, जेवणावरची वासना गेलेली: हा गोचिडताप समजून रक्ततपासणी करा, प्लेटलेटसह. त्यात बहुधा डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालतं. आठव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक गोळी बंद करतात. मग तोच आजार महिन्या-दोन महिन्यांनी परततो आणि तेव्हा जास्त हट्टी असतो. गोळी कोरडी गिळवू नका, अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो. घासात द्या आणि वर पाणी पाजा.

घरातल्या कुत्र्यांत लगेच सोडणं

नवा कुत्रा १४ दिवस वेगळा ठेवा. वेगळी भांडी, वेगळं अंथरूण, आणि त्याचं काम सगळ्यांत शेवटी. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे, पसरणारे विषाणूंचे आजार. पार्व्होची लक्षणं दिसायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, आणि डिस्टेंपरला कधी त्याहून जास्त. फिनाईलचा वास आला की जागा स्वच्छ झाली असं आपल्याला वाटतं, पण पार्व्होचा विषाणू फिनाईलला दाद देत नाही. आधी घाण धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी असं द्रावण ओतून १० मिनिटं राहू द्या. मातीच्या अंगणात हा उपाय चालत नाही आणि विषाणू तिथे महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून वेगळं ठेवायची जागा फरशीची हवी.

चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ‘साधा दात लागला’ म्हणून थांबू नका. वरचेवर कुत्रे हाताळणाऱ्यांनी ही लस आधीच घेऊन ठेवावी.

कूलर लावला म्हणजे झालं, असं समजणं

नागपुरात मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, पारा ४५ च्या आसपास असतो. वाळलेला, रक्त कमी असलेला कुत्रा हे ऊन झेलू शकत नाही. कोरड्या हवेत कूलर उत्तम, पण खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर चालवला की हवा दमट होते आणि कुत्र्याचं धापा टाकणं वाया जातं, कारण जिभेवरची ओल उडाली तरच त्याचं अंग थंड होतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर हा धोका उलट वाढतो. गच्चीवरची किंवा टिनाखालची जागा या दिवसांत नकोच. पाणी स्टीलच्या भांड्यापेक्षा मातीच्या भांड्यात ठेवा.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०५ च्या वर गेलं, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले तर साध्या पाण्याने भिजवा आणि पंख्यासमोर ठेवा. ओलं टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. १०३ वर आलं की भिजवणं थांबवा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली जातं. मग तो उठून बसला तरी दवाखान्यात न्याच, कारण मूत्रपिंडांचं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसतं.

माया लवकर लावणं

वर्षानुवर्षं साखळीला असलेल्या कुत्र्याला गुळगुळीत फरशी माहीत नसते, जिना माहीत नसतो, टीव्हीचा आवाज माहीत नसतो. तो कोपऱ्यात बसून राहिला म्हणजे तो ‘शांत’ आहे असं नाही, बऱ्याचदा तो भीतीने गोठलेला असतो. पहिले तीन दिवस पाहुणे नकोत, मुलांचा घोळका नको, सेल्फी नको. फरशीवर पोती किंवा चटया अंथरून त्याला चालायला वाट करा. त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून खाली बसा, नजर रोखू नका, चिकनचा तुकडा बाजूला टाका आणि त्याला येऊ द्या. वरून डोक्यावर हात नेऊ नका. हात छातीपाशी, खालून.

गुरगुरला म्हणून रागावणं ही मोठी चूक. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. मारून ती बंद केली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. जेवताना गुरगुरत असेल तर वेगळ्या खोलीत जेवू द्या, भांडं हिसकावू नका. लांबून जाता-जाता भांड्यात आणखी चांगला तुकडा टाकत राहिलात की माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी मिळणं हे त्याला काही आठवड्यांत कळतं. झाडू, काठी किंवा हेल्मेट पाहून तो जमिनीला चिकटत असेल तर ती वस्तू त्याच्या नजरेच्या टोकाला, स्थिर ठेवून सुरुवात करा.

आणि तो पळतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दार उघडं राहिलं की गेलाच, कारण हे घर त्याचं आहे हे त्याला अजून माहीत नसतं. फिरवताना हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा, दोन्हींना दोर लावा. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर पहिल्या दिवसापासून हवा.

पहिल्या फोनला कुत्रा देऊन टाकणं

‘शेतावर राखणीला हवा’ असा फोन आला की थांबा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ पुन्हा साखळी असाच असतो. घर स्वतः जाऊन बघा: कुत्रा रात्री कुठे झोपणार, मेच्या दुपारी कुठे असणार, घरचे गावाला गेले तर कोण बघणार. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. घरातल्या सगळ्यांना भेटा, कारण आई किंवा सासऱ्यांना कुत्रा नको असेल तर तो महिन्याभरात गेटबाहेर असतो.

नसबंदी शक्यतो घर देण्याआधी, पण वजन आणि रक्ताचे आकडे नीट झाल्यावरच. उपाशी शरीराला भूल देण्याची घाई नको. आजार, भीती आणि खोडी लपवू नका. ‘फटाक्यांना घाबरतो, पुरुषांना लवकर जवळ करत नाही’ हे आधीच सांगितलं तर कुत्रा परत येत नाही. तारखाही बघा. दिवाळीच्या आठवड्यात, किंवा महाल-इतवारीकडचं घर असेल तर पोळा आणि मारबतीच्या दिवसांत, ढोल-फटाक्यांच्या गदारोळात कुत्र्याची जागा बदलू नका.

दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात चौकशी करा, त्यातली एक तरी प्रत्यक्ष जाऊन. तिसऱ्या दिवशीचा ‘काही खातच नाही’ हा फोन बहुधा नव्या जागेच्या भीतीमुळे असतो. पण पाणीही पीत नसेल किंवा ओकत असेल तर वाट बघू नका. तिसऱ्या आठवड्यातला ‘आता भुंकायला लागला, सोफा फाडला’ हा फोन तो घरात रुळत असल्याची खूण असते, तिथे फिरणं आणि चघळायला देणं वाढवायला सांगा. आणि करारात एक ओळ नक्की लिहा: जमलं नाही तर कुत्रा परस्पर तिसऱ्या कुणाला न देता तुमच्याकडेच परत आणायचा. परत आलाच तर आणणाऱ्याला बोल लावू नका, म्हणजे पुढचा माणूसही खरं सांगेल. आणि पुढचं घर शोधण्याआधी त्या कुत्र्याला दोन-तीन आठवडे निवांत राहू द्या.