नाकात लाल बोंड दिसलं तर आधी हे वाचा, ओढू नका

माझा आतेभाऊ महूच्या पुढच्या गावात राहतो, लहानपणापासून म्हशींबरोबर तलावात डुंबणारा गडी. त्याची एक नाकपुडी बंद झाली, शिंकरलं की रुमालावर रक्त. इंदूरच्या एका डॉक्टरांनी आत न बघताच महिनाभर स्प्रे दिला, घरचे म्हणे उष्णता झालीय, गुलकंद खा. शेवटी आत्यानेच मोबाईलचा टॉर्च मारला आणि ओरडली, अरे ह्याच्या नाकात शहतूत (तुती) आहे!

तर पहिलं काम तेच, टॉर्च. साधा पॉलिप, म्हणजे नाकात वाढणारा मांसाचा गोळा, असतो तो सोललेल्या द्राक्षासारखा, फिकट आणि गुळगुळीत. हे मात्र लाल-गुलाबी, खरबरीत, नुसतं बोट लागलं तरी रक्त, आणि वर रव्यासारखे बारीक पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे परजीवीच्या पिशव्या, एकेका पिकलेल्या पिशवीत हजारो बीजाणू. आजाराचं नाव ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. म्हणूनच चिमट्याने ओढू नका, दोरा बांधून पाडायचा प्रयोग तर मुळीच नको, रक्त थांबता थांबत नाही ते एक आणि फुटलेल्या पिशवीतले बीजाणू शेजारी पडून तिथेही नवीन बोंड उगवू शकतं.

डोळ्यात सारखं काही खुपतंय, पाणी येतंय, पाण्यात रक्ताची छटा, असं असेल तर आरशासमोर पापणी खाली ओढून बघा, आतल्या बाजूला असाच लाल मांसाचा तुकडा दिसला तर लगेच डोळ्यांचे डॉक्टर.

नाकासाठी ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर. जाताना तलाव-नदीत अंघोळ, वाळू उपसायचं काम, जे असेल ते आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका, कारण हा आजार अशा पाण्यातूनच लागतो असं मानतात. ते दुर्बीण घालून बघतील. गोळ्यांनी हे विरघळत नाही, ऑपरेशनच, आणि तिथे दोन प्रश्न विचाराच: मूळ जाळणार ना? तुकडा बायोप्सीला जाणार ना? मूळ राहिलं की परत येतं, आणि लॅबमध्ये हा जीव नेहमीच्या पद्धतीने वाढवता येत नाही, त्यामुळे पक्कं निदान मायक्रोस्कोपखालीच. नंतर काही डॉक्टर डॅप्सोन देतात, कुष्ठरोगाचंच औषध, महिनोन्‌महिने चालतं, पण जी-६-पीडी (रक्तपेशींना सांभाळणारं एन्झाइम) कमी असलेल्याच्या रक्तपेशी त्याने फुटतात म्हणून आधी ती टेस्ट. मेडिकलवरून आपल्या मनाने आणू नका भिया. आणि बरं वाटलं तरी तपासणीला जात राहा, वर्षांनी परत उगवल्याच्या केसेस आहेत.

एक गंमत, सीबर नावाच्या माणसाने १९०० साली ब्यूनस आयर्सला ह्याचं वर्णन केलं पण आज जगातल्या सगळ्यात जास्त केसेस आपल्याकडे आणि श्रीलंकेत. कित्येक वर्षं लोक बुरशीच समजत होते, १९९० च्या दशकाच्या शेवटी डीएनए तपासल्यावर कळलं की हा माशांच्या परजीवींचा भाऊबंद आहे.

माणसाकडून माणसाला लागत नाही हो. आमच्याकडे भावाचं ताट-पेला वेगळा काढला होता, तो आत्याने त्याच दिवशी परत मांडणीवर ठेवला. तलाव मात्र बंद. आता भाऊ काठावरूनच म्हशींना हाका मारतो आणि त्या ऐकत नाहीत.