‘पर्यंत’साठी बाय की अनटिल? असं ठरवा

‘शुक्रवारपर्यंत काम देतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबतो’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’, इंग्रजीत मात्र पहिल्याला बाय लागतो आणि दुसऱ्याला अनटिल. ‘अर्थ एकच, कुठलाही वापरा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. ‘आय विल सेंड द रिपोर्ट अनटिल फ्रायडे’ असं मी एकदा कळवलं, तर समोरून विचारणा झाली, ‘म्हणजे शुक्रवारपर्यंत रोज पाठवणार का?’ माझ्या वाक्याचा अर्थ खरोखर तसाच होत होता.

आधी तारखेकडे नव्हे, क्रियापदाकडे बघा. देणं, पोचणं, संपवणं अशी एकदा घडून पुरी होणारी क्रिया असेल तर बाय. थांबणं, राहणं, झोपणं अशी चालूच राहणारी असेल तर अनटिल. शंका आली तर ‘पर्यंत’ काढून ‘उशिरात उशिरा’ घाला. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी देतो’ जुळतं, म्हणून बाय. ‘उशिरात उशिरा शुक्रवारी झोपून राहतो’ जुळत नाही, म्हणून अनटिल.

पुढे नुसती वेळ नसून कर्ता-क्रियापद असेल, तर एकटा बाय चालत नाही, ‘बाय द टाइम’ लिहा. अनटिल तसाच राहतो. दोन्हींनंतर ‘विल’ नको: ‘अनटिल ही कम्स’.

आता ‘नाही’. माझी वर्षानुवर्षं चूक व्हायची ती इथेच. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘तो येत नाही तोपर्यंत थांब.’ त्यातला ‘नाही’ उचलून मी ‘वेट अनटिल ही डज नॉट कम’ लिहायचो. ते साफ चूक आहे. नियम पाठ करून ही सवय गेली नाही. गेली ती मराठी वाक्य आधी बदलून घेतल्यावर: ‘तो येईपर्यंत थांब.’ ‘येईपर्यंत’मध्ये ‘नाही’ उरतच नाही, आणि इंग्रजी आपोआप सरळ येतं: ‘वेट अनटिल ही कम्स.’

म्हणून ‘अनटिल असलं की नॉट कधीच नको’ असं मात्र धरून चालू नका. ‘तो येईपर्यंत जेवू नको’ यातला नकार जेवण्याचा आहे, येण्याचा नाही, म्हणून तो राहायलाच हवा: ‘डोन्ट ईट अनटिल ही कम्स.’

मुख्य क्रियापदाला नकार लागला की वरची ‘एकदा की चालू’ ही कसोटीही पुरत नाही. तिथे दोन्ही शब्द बसतात आणि अर्थ पार बदलतो. ‘द ऑफिस वोन्ट ओपन अनटिल मंडे’ म्हणजे सोमवारी उघडेल, त्याआधी नाही. ‘द ऑफिस वोन्ट ओपन बाय मंडे’ म्हणजे सोमवार आला तरी उघडलेलं नसेल. मुदतीच्या पत्रात हा फरक महागात पडतो. असं वाक्य पाठवण्याआधी मराठीत मोठ्याने बोलून बघाच. मी अजूनही बघतो.

टिल म्हणजे अनटिलच, फक्त बोलण्यात जास्त. तो अनटिलचा तुकडा नाही, उलट त्याच्याहून जुना शब्द आहे, त्यामुळे त्याच्या आधी वरचा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, देऊ नका. टिलच्या शेवटी दोन एल, अनटिलच्या शेवटी एकच.