बाहेरचे सुरक्षादिवे स्मार्ट यंत्रणेला जोडताना

बेळगावात टिळकवाडीतील आमच्या घराच्या परसदारी मी हालचाल ओळखणारा सेन्सर अंगचाच असलेला फ्लडलाइट बसवला आणि तो फोनवरून चालावा म्हणून त्याच्या वायरीवर एक स्मार्ट स्विच घातला. दोन्ही वस्तू निर्दोष होत्या, तरी जोडी जमली नाही. अ‍ॅपमध्ये दिवा ‘चालू’ दिसे आणि परसात मात्र अंधार असे, कारण दिव्यापर्यंत वीज पोहोचली की नाही एवढेच स्विचला ठाऊक होते. प्रकाश पाडायचा की नाही हे सेन्सर ठरवीत होता. स्विच बंद केला की सेन्सरही निजे, आणि पुन्हा चालू केल्यावर तो स्थिरावेपर्यंत दिवा मिनिटभर उगाच जळत राही. म्हणून वायरमनला बोलावण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी, ती म्हणजे दिवा कोणाच्या आज्ञेत राहणार, स्वतःच्या सेन्सरच्या की घरातील यंत्रणेच्या.

सेन्सरचा दिवा आधीच लागलेला असेल आणि तो नीट काम करीत असेल, तर त्याला कायमचा पुरवठा देऊन तसाच राहू द्यावा आणि फोनवरच्या सूचनेपुरता वेगळा स्मार्ट सेन्सर जवळ लावावा. नव्याने करणार असाल, तर सेन्सर नसलेला साधा 20 किंवा 30 वॅटचा एलईडी फ्लडलाइट, घरातल्या बोर्डात स्मार्ट रिले (बटणामागे बसणारा, फोनवरून चालणारा छोटा स्विच) आणि बाहेर स्वतंत्र सेन्सर ही रचना मला अधिक पटते, कारण यातला एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. होल्डरमध्ये स्मार्ट बल्ब घालण्याचा मार्ग सोपा दिसतो. परंतु रात्री निजण्याआधी सगळी बटणे बंद करण्याची सवय असलेले आजी-आजोबा घरात असतील, तर तो बल्ब रोज रात्री यंत्रणेतून नाहीसा होतो. रिलेला भिंतीवरचे जुने बटणही जोडता येते, त्यामुळे त्यांची सवय मोडावी लागत नाही.

खरी अडचण न्यूट्रलची, म्हणजे विजेच्या परतीच्या वायरीची असते. शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत बोर्डापर्यंत केवळ फेज (वीज आणणारी वायर) आणलेला आणि न्यूट्रल परस्पर दिव्याकडे नेलेला पुष्कळदा आढळतो. न्यूट्रलविना चालणारे रिले मिळतात. पण ते स्वतः जागे राहण्यासाठी दिव्यातूनच थोडासा प्रवाह नेत असल्याने बंद केलेला एलईडीही मंद पेटलेला राहतो किंवा लुकलुकतो, आणि मग दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर (तो प्रवाह दिव्याला टाळून नेणारा छोटा भाग) लावावा लागतो. त्यापेक्षा एक न्यूट्रल वायर पाइपातून ओढून घेणे बरे. तो मात्र त्याच सर्किटचा हवा. फेज इन्व्हर्टरच्या लाइनचा आणि न्यूट्रल दुसऱ्या बोर्डातून उसना घेतलेला, असे झाले की 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) दिवा लावताच पडतो आणि दोष उगाच रिलेच्या माथी येतो. हे काम मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून, टेस्टरने खात्री करून, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

रिलेवर 10 अँपिअर छापलेले असते आणि 30 वॅटचा दिवा 230 व्होल्टवर पाव अँपिअरही घेत नाही, तेव्हा एकाच रिलेवर घराभोवतीचे सगळे दिवे टाकण्याचा मोह होतो. एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारे आतले सर्किट) मात्र पेटण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, आणि अशा धक्क्यांनी रिलेचे संपर्क हळूहळू चिकटून दिवा बंदच होईनासा होतो. पुढचे दिवे एका रिलेवर व मागचे दुसऱ्यावर ठेवावेत.

रिले बाहेर दिव्याजवळच्या डबीत न ठेवता घरात ठेवण्यास मी सांगतो, ते पावसामुळे आणि सिग्नलमुळेही. जांभ्या दगडाच्या जाड भिंतीतून वायफाय अशक्त होऊनच बाहेर पडते, आणि रिले लोखंडी डबीत बंद केला तर तो संपर्क पुरताच तुटतो. बहुतेक स्मार्ट रिले 2.4 गिगाहर्ट्झचे वायफायच ओळखतात. एक-दोन दिव्यांसाठी वायफाय पुरे. चार-पाच दिवे आणि तितकेच सेन्सर असतील तर झिगबी (स्मार्ट उपकरणांची वायफायहून वेगळी बिनतारी पद्धत) आणि ती सांभाळणारा हब घ्यावा, कारण विजेवर चालणारी झिगबी उपकरणे एकमेकांचे संदेश पुढे पोहोचवतात आणि परसाच्या टोकाचा सेन्सरही जोडलेला राहतो. मात्र न्यूट्रलविना चालणारे रिले सहसा ही निरोप्याची भूमिका करीत नाहीत.

पावसाबद्दल खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या लोकांना सांगायला नको. उघड्यावरचा दिवा आयपी 65 चाच घ्यावा. त्यातला 6 धुळीपासून पूर्ण संरक्षण दाखवतो आणि 5 फवाऱ्याच्या पाण्यापासून. आयपी 44 म्हणजे केवळ शिंतोडे सोसणारा, तो पडवीच्या छपराखाली चालेल. वायर डबीत खालच्या बाजूने, ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसून पाणी अडवणाऱ्या बुचातून) न्यावी आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते. दिव्याच्या धातूच्या अंगाला अर्थिंग जोडलेच पाहिजे. एप्रिल-मेमधल्या वळिवाच्या विजांचा विचार करून मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे उपकरण) बसवून घेतल्यास रिलेच नव्हे, राउटरही वाचण्याची शक्यता वाढते.

सेन्सर उष्णतेतील हालचाल टिपतो आणि समोरून थेट चालत येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्या माणसाला लवकर ओळखतो. म्हणून तो फाटकाच्या नेमका समोर न लावता वाटेच्या बाजूला, दोन ते अडीच मीटर उंचीवर लावावा. पहिल्या पावसानंतर उडणाऱ्या वाळवीच्या थव्यामागोमाग पाली येतात आणि सेन्सरच्या भिंगावर बसलेली एक पाल रात्रभर दिवा नाचवू शकते. सेन्सर दिव्यापासून हातभर दूर ठेवला आणि दिवा पिवळसर, 3000 केल्विनचा घेतला, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

जोडणीनंतर अ‍ॅपमध्ये उपकरण नोंदवणे दहा मिनिटांचे काम आहे. फोन त्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर असावा, आणि स्मार्ट स्पीकर हिंदी किंवा इंग्रजीत ऐकत असेल तर दिव्याला ‘परसदार’ऐवजी त्याला कळणारे नाव द्यावे.

नियम लिहिताना ठरावीक वेळ घालू नये. आपल्याकडे नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सात वाजून गेल्यावर. तेव्हा अ‍ॅपमधील ठिकाण बेळगाव ठेवून ‘सूर्यास्त ते सूर्योदय’ हीच अट द्यावी. त्या वेळेत हालचाल दिसली तर दिवा लागावा आणि हालचाल थांबल्यावर तीन मिनिटांनी विझावा, एवढा नियम पुरतो. बॅटरीवरचे पुष्कळ सेन्सर एकदा हालचाल कळवल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी मिनिटभर गप्प राहतात. विझण्याची मुदत त्याहून कमी ठेवली, तर माणूस दारात उभा असतानाच काळोख होतो. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत गवा परसाजवळून गेला तरी दिवा लागणारच, म्हणून तिथे फोनवरची सूचना रात्री अकरानंतरच्या वेळेपुरती आणि फाटकाजवळच्या सेन्सरपुरती ठेवावी. अन्यथा चार दिवसांत माणूस ती कायमची बंद करतो.

30 वॅटचा दिवा बारा तास जळला तर महिन्याला सुमारे 11 युनिट होतात. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेच्या मर्यादेच्या काठावर असलेल्या घराला तेवढे युनिट सहज पलीकडे ढकलू शकतात. प्रकाशाचा रोख आपल्याच अंगणात उतरलेला हवा, शेजाऱ्याच्या खिडकीत नव्हे, हेही शिडीवर असतानाच पाहून घ्यावे.

हेस्कॉमची वीज गेली आणि आली की रिले कोणत्या स्थितीत उठणार, ही अ‍ॅपमधली सेटिंग बहुतेक जण पाहतच नाहीत. ती ‘बंद’ किंवा ‘आधीची स्थिती’ अशी ठेवावी. ‘चालू’ असेल तर भरदुपारी वीज आल्यावर दिवे लागतात आणि संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. राउटर, हब आणि बाहेरच्या दिव्याची लाइन ही तिन्ही इन्व्हर्टरवर घ्यावीत, आणि हालचालीचा नियम कंपनीच्या सर्व्हरवर न चालता घरातल्या हबवरच चालतो याची खात्री करावी. त्यासाठी राउटरची इंटरनेटची वायर काढून रात्री सेन्सरसमोरून चालून पाहावे. दिवा लागला तर वायर पुन्हा जोडून मेन स्विच पाडावा, दोन मिनिटांनी उचलावा आणि तीच फेरी परत मारावी. मृगाचा पहिला जोरदार पाऊस ओसरल्यावर मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून बाहेरच्या डबीचे झाकण एकदा उघडावे. आत ओल दिसली तर ग्लँड तेव्हाच बदलून घ्यावा.