पातं बोथट व्हायची वाट पाहू नका

भोसरी एमआयडीसीतल्या माझ्या धार लावायच्या गाळ्यात बुधवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला मशीन चालू व्हायला हवं, म्हणून सगळ्यांना आपल्या स्क्रॅप ग्राइंडरची, म्हणजे वाया गेलेलं प्लास्टिक दळून दाणा करणाऱ्या मशीनची, पाती बुधवारीच आठवतात. कुणी गोणपाटात गुंडाळून आणतो, कुणी जुन्या शर्टात. पोतं सोडायच्या आधीच तक्रार सुरू होते, "दादा, या वेळी धार टिकलीच नाही. मागच्या खेपेला नीट लावली नव्हती का?"

मी काही बोलत नाही. पातं उचलून ट्यूबलाइटखाली तिरपं धरतो. चांगली धार दिसत नाही, कारण तिच्यावर उजेड पडायला जागाच नसते. बोथट धार पांढऱ्या रेघेसारखी चमकते. रेघ केसाएवढी असेल तर गिऱ्हाईक वेळेवर आलंय. सुतळीएवढी असेल तर ते दीड महिना उशिरा आलंय. बोट फिरवून धार बघायची सवय असेल तर ती आजच सोडा. बोटाला टवका कळत नाही आणि टवक्याला बोट कळतं.

उशिराचा हिशोब साधा आहे. समजा पात्यात झिजवायला एकूण १२ मिमी आहे. केसाएवढ्या रेघेवर आणलंत तर मला ०.३ मिमी काढावं लागतं, म्हणजे त्या पात्याला चाळीस वेळा धार लागेल. कोपरे गोल होऊन टवके उडेपर्यंत ओढलंत तर १.२ मिमी घासल्याशिवाय खालचं चांगलं पोलाद लागत नाही. म्हणजे दहाच वेळा. असं पातं प्लास्टिकने कमी खाल्लेलं असतं, माझ्या घासायच्या चाकाने, म्हणजे व्हीलने, जास्त.

मग काढायचं कधी? "महिन्यातून एकदा" हे उत्तर मी देत नाही. नुसते पॉलिप्रोपिलीनचे रनर (मोल्डिंगमध्ये पार्टबरोबर येणारे, वाया जाणारे दांडे) दळणारं मशीन आणि ३० टक्के काच असलेलं नायलॉन दळणारं मशीन यांना एकच तारीख कशी लागू होईल? काच पोलादाला कानशीसारखी घासते. त्यापेक्षा मशीनलाच विचारा. धार लावून पाती बसवली त्या दिवशी, नेहमीचा माल नेहमीच्या वेगाने टाकत असताना, पॅनेलवरच्या अ‍ॅमीटरचा आकडा (मोटर किती करंट खातेय तो) मार्करने तिथेच लिहून ठेवा. तो १५ ते २० टक्के वर गेला की पाती काढा. दुसरी खूण पुडीची. त्याच दिवशी एक किलो दाणा पिठाच्या चाळणीने चाळून खाली पडलेली पूड वजन करा आणि भिंतीवर लिहा. पूड दुप्पट झाली की पातं कापत नाही, चेचतंय असं समजा. ही पूड पुढे मोल्डिंगच्या बॅरलमध्ये दाण्याआधी वितळून जळते आणि पार्टवर काळे ठिपके येतात. मग लोक हीटर तपासत बसतात.

तिसरी खूण कानाची. धारदार मशीन कटकट वाजतं, बोथट झालं की घरघरतं. जुन्या ऑपरेटरला हे सांगावं लागत नाही.

आता काढणं. मेन आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. पॅनेलवरचं लाल बटण दाबणं म्हणजे बंद करणं नव्हे. रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंड, पूर्ण थांबला की रोटर आणि बॉडीच्या मध्ये लाकडी पाचर ठोका. इथे माझ्या डाव्या अंगठ्यावरचे नऊ टाके साक्षीला आहेत. वीज बंद होती, कुलूप होतं, सगळं होतं. पण पहिलं पातं निघाल्यावर रोटरची एक बाजू हलकी झाली आणि जड बाजू आपल्या वजनाने खाली फिरली. मोटर लागत नाही, पाव फेरा पुरतो. हातमोजे कातडी किंवा कटप्रूफ घाला, सुती नको.

पाती सुटली की पात्यावर आणि त्याच्या जागेवर एकाच आकड्याचे पंच मारा, १-१, २-२, धारेपासून लांबच्या बाजूला, आणि ज्या जागेचं पातं त्याच जागी परत जाऊ द्या. आता लोक करत नाहीत ते काम: बैठक साफ करणं. रोटरवर पातं टेकतं त्या पृष्ठावर वितळलेल्या प्लास्टिकचा पापुद्रा बसलेला असतो. पितळेच्या पट्टीने तो खरवडा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, उंचवटा वाटला तर ऑइल स्टोन हलका फिरवा. कानस नाही, हँड ग्राइंडर तर नाहीच. पापुद्रा ०.१ मिमी असला तरी पातं तेवढंच तिरपं बसतं, बोल्ट आवळल्यावर वाकतं आणि काम करताना तिथूनच तडकतं. "धार टिकत नाही" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार माझ्याकडे नाही, या बैठकीवर सुटते.

धार लावणाऱ्याकडे काय बघायचं तेही सांगतो, मग तो मी असो की दुसरा कोणी. आपल्याकडची बहुतेक पाती डी-२ ची, ज्याला बाजारात एचसीएचसीआर म्हणतात: साधारण १२ टक्के क्रोमियम, कडकपणा रॉकवेल मापावर ५६ ते ६० एचआरसी. या पोलादाला पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं, ४६ ग्रिटचं, मऊ बाँडचं (झिजलेले कण लवकर सोडून देणारं) व्हील लागतं. व्हील डायमंडने वरचेवर ड्रेस केलेलं, म्हणजे तासून ताजं केलेलं, हवं आणि कूलंटची (थंड ठेवणाऱ्या पाण्याची) धार नेमकी घासण्याच्या जागी पडायला हवी. एका पासला, म्हणजे व्हीलच्या एका फेरीला, ०.०१ ते ०.०२ मिमी, शेवटचे दोन-तीन पास व्हील आणखी खाली न देता, ठिणगी विझेपर्यंत. "अर्ध्या तासात देतो" म्हणणारा माणूस एका पासला दहापट खात असतो.

घाई मीही केली आहे. गाळा नवा होता, गिऱ्हाईक दारात उभं होतं, कूलंटचा पंप बंद पडलेला. म्हटलं, तेवढ्यासाठी काय थांबायचं. धारेवर बोटभर लांबीचा निळा-जांभळा पट्टा आला. मी तो पॉलिश पेपरने पुसला आणि पातं दिलं. चौथ्या दिवशी ते परत आलं, बरोबर त्या बोटभर जागेवर चंद्रकोरीसारखा तुकडा निघालेला. रंग पुसला जातो, आत बसलेला ताप पुसला जात नाही. तिथलं पोलाद मऊ पडतं, वर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा येतात. त्या सेटचे पैसे मी भरून दिले. तेव्हापासून पातं घेताना तुम्ही ते उजेडात फिरवून बघितलंत तर मला राग येत नाही. आणि कुठे ताज्या पॉलिशचा एकच ठिपका दिसला तर विचारा, इथे काय होतं?

कोन बदलू देऊ नका. "जरा जास्त धारदार करा" असं लोक प्रेमाने सांगतात. धार निमुळती केली की फिल्मवर (पातळ प्लास्टिकवर) दोन दिवस मजा येते, पण पहिला जाड लम्प (प्लास्टिकचा गोळा) आला की ती तुटते. सेट नवा असतानाच कोन बेव्हल प्रोट्रॅक्टरने मोजून वहीत लिहा. रोटरची सगळी पाती चकवर (मशीनच्या पकडपाटावर) एकत्र घासलेली हवीत, उंचीतला फरक ०.०२ मिमीच्या आत. समोरासमोरच्या पात्यांचं वजनही करून घ्या. मी फरक पाच ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही, नाहीतर बेअरिंग बोलायला लागतं. शेवटी धारेवर उरलेली तारेसारखी कडा, म्हणजे बर, ऑइल स्टोनने एकदाच हलकी काढायची. फिक्स ब्लेड, म्हणजे बॉडीवर बसवलेली न फिरणारी पाती, विसरू नका. रोटरची तीन पाती आणणारे पन्नास भेटतात, फिक्सची दोन आणणारे दहा. कात्रीचं एकच पातं लावून कापड कापता येतं का?

बसवताना आधी फिरती पाती, मग फिक्स. बोल्ट १२.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे), मॅन्युअलमधल्या टॉर्कवर, टॉर्क रेंचनेच. अ‍ॅलन कीला पाइप लावून लोंबकळू नका. आटे तेलकट असतील तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअल कोरडे म्हणत असेल तर कोरडेच ठेवा. मान बारीक झालेला बोल्ट फेकून द्या. तो आत सुटला तर पूर्ण सेट, दाणा गाळणारी जाळी आणि कधी रोटरही घेऊन जातो.

मग गॅप, म्हणजे फिरत्या आणि फिक्स पात्यांमधली फट. फिल्मसाठी ०.१ मिमीच्या आसपास, रनर आणि जाड पार्टसाठी ०.२ ते ०.२५, मोठ्या लम्पसाठी ०.३. फीलर गेजची पत्ती किंचित अडखळत सरकायला हवी. डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला मोजा, प्रत्येक फिरत्या पात्याचं प्रत्येक फिक्सशी. तीन गुणिले दोन, सहा जोड्या, अठरा आकडे. एक जोडी बघून झाकण लावणाऱ्याला मी ओळखतो, कारण त्याची पाती एकाच कोपऱ्यात खाल्लेली येतात. "दादा, गॅप अजून कमी केला तर बारीक दाणा येईल ना?" येणार नाही. दाण्याचा आकार जाळी ठरवते. शिवाय रोटर तापून फुगतो. ३०० मिमी व्यासाचा रोटर ४० अंशांनी तापला तर त्रिज्येत जवळपास ०.०७ मिमी वाढतो. बॉडीही थोडी फुगते म्हणून निभावतं, पण थंड मशीनवर ०.०५ ठेवणारा माणूस गरम मशीनवर पोलाद पोलादावर घासणार.

झाकण बंद करण्याआधी पाचर काढा, बेल्ट हाताने ओढून रोटर दोन फेरे फिरवा, कुठे टेकतंय का ऐका. रिकामं चालवा, मग माल द्या. अर्ध्या तासाने थांबवून, पुन्हा कुलूप लावून, बोल्टचा टॉर्क तपासा. हॉपरमध्ये (माल टाकायच्या तोंडात) मॅग्नेट बसवला नसेल तर बसवा. पण पार्टमध्ये बसवलेला पितळेचा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, त्याला चिकटत नाही, तिथे माल निवडणारा माणूसच लागतो.

स्लिटिंगवाले, म्हणजे रुंद रोल चिरून अरुंद पट्ट्या करणारे, मला म्हणतात, आमचं वेगळं आहे. वेगळं आहे, पण पाप तेच: धार गेली की दाब वाढवायचा. फिल्मवर वरची-खालची गोल पाती असतील तर ओव्हरलॅप (एकमेकांवर चढणं) अर्धा ते पाऊण मिमी पुरतो, आणि वरच्या पात्याला दाबणारी हवा खालच्याला नुसतं टेकण्याइतकी. हवा वाढवून पहिला रोल स्वच्छ येतो आणि दहावा रोल धुळीने भरतो. कडेला केसासारखे तंतू दिसले की आधी धार, मग दाब. साध्या रेझर ब्लेडवर काम असेल तर ते दर शिफ्टला बदला. एका ब्लेडची बचत करून अख्खा रोल रिजेक्ट घालवणारे सुपरवायझर मी पाहिलेत.

पत्रा स्लिट करणाऱ्यांचा खेळ शाफ्टवरच्या स्पेसरचा, म्हणजे पात्यांमधलं अंतर राखणाऱ्या रिंगांचा. १ मिमी पत्र्याला दोन पात्यांत ०.०८ ते ०.१ मिमी क्लिअरन्स लागतो. प्रत्येक स्पेसरमागे ०.०२ मिमी मळी राहिली तर दहा स्पेसरमागे ०.२ मिमी होते. आता सेटिंग कितीही डोकं लावून केलंत तरी ते गेलं. सेट लावताना प्रत्येक रिंग पुसा, लिंट न सोडणाऱ्या फडक्याने. कापलेली कड भिंगातून बघा: वरचा साधारण तिसरा हिस्सा चमकदार, खालचा खडबडीत हवा. खाली बर लोंबत असेल तर क्लिअरन्स जास्त किंवा धार गेलेली. गोल पाती धारेला एकत्र द्या, सगळ्यांचा व्यास एकच येईल असं सांगा, आणि नवा व्यास पात्यावरच लिहून घ्या.

ठेवताना तेल लावून, लाकडी खाचेत, एकावर एक नाही. खंडेनवमीला हळद-कुंकू पात्याच्या अंगाला लावा, धारेला नको. ओल्या कुंकवाखाली दोन दिवसांत गंजाचा ठिपका येतो आणि तो काढायला मला पुन्हा ०.१ घासावं लागतं.

शेवटी एक दिवस पातं पुढे सरकवायची खाच संपतेच, त्याला मागून ढकलणारे स्क्रू पूर्ण बाहेर येतात आणि पातं आधाराविना पुढे लोंबतं. मग मी धार लावत नाही, पैसे दिले तरी. गेल्या बुधवारी एकाने अशा पात्याच्या पाठीला मऊ लोखंडाची पट्टी वेल्ड करून आणली होती, लांबी वाढवायला. वेल्डिंगच्या तापाने दोन बोल्टच्या भोकांमधून भेग गेली होती, नखाला लागेल इतकी. ते पातं मी त्याला परत दिलं नाही. गाळ्यात शिरताना समोरच्या भिंतीवर टांगलंय, भेगेभोवती खडूचा गोल काढून.