वर्षावनात मॅक्रो छायाचित्रण: ओलाव्याने शिकवलेला धडा

मॅक्रो लेन्स, म्हणजे कीटकांसारख्या बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी लेन्स, घेऊन प्रथमच वर्षावनात निघालेल्यांनी फोकसची चिंता नंतर करावी, आधी ओलाव्याची करावी, असे मी कळकळीने सांगतो. जंगलात पाच रात्री काढून परतल्यावर मी लेन्स कोरड्या फडक्याने पुसली, नेहमीच्या बॅगेत ठेवली आणि बॅग कपाटात बंद केली. दीड महिन्याने टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू पसरले होते. ती बुरशी होती. लेन्स बाहेरून कोरडी असली तरी बॅगेच्या जाड अस्तरात जंगलातला ओलावा मुरलेला होता, आणि बंद, अंधाऱ्या कपाटात बुरशीला हवे ते सारे मिळाले. तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप खातात, त्यामुळे लेन्स उघडून साफ केली तरी डाग राहू शकतात.

म्हणून परतल्यावर बॅग आणि पट्टे स्वतंत्रपणे वाळवा आणि लेन्स झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. डब्यात आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखा. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागतात. भिजलेली पुडी महिनोन्‌महिने तशीच ठेवणे म्हणजे काहीच न ठेवणे.

वातानुकूलित खोलीतही हाच धोका आहे. बाहेर २६ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २४ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते, आणि २० अंशांच्या खोलीतून काढलेला कॅमेरा तर त्याहून थंड असतो. खोलीतच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून बाहेर आणा आणि बाहेरच्या हवेइतका गरम होईपर्यंत पिशवी उघडू नका. तोवर दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही. मी तर आता थंड खोलीत कॅमेरा ठेवतच नाही.

एवढे सांभाळले की पुढचे सरावाने जमते, घाबरू नका. झाडीखाली जमिनीपर्यंत एक-दोन टक्केच प्रकाश पोहोचतो, त्यामुळे फ्लॅश हवाच, आणि तो मोठ्या डिफ्यूझरमधून, म्हणजे प्रकाश मऊ करून पसरवणाऱ्या पडद्यातून, कीटकाच्या अगदी जवळ आणलेला हवा, नाहीतर भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरे ठिपके उमटतात. एकास एक मोठेपणावर, म्हणजे कीटक सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, एफ/११ हे लेन्सचे छिद्र प्रत्यक्षात एफ/२२ इतक्या बारीक छिद्राचे काम करते. त्याहून बारीक छिद्र घेतल्यास स्पष्टता वाढण्याऐवजी विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, घटते. स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम मिलिमीटरभर असते. त्यामुळे फोकस ठरवून ठेवा, शरीर किंचित पुढेमागे हलवा आणि डोळे स्पष्ट दिसताक्षणी बटण दाबा.

कीटक शीतकपाटात गारठवून छायाचित्र घेण्याची युक्ती शिकवणारा मार्गदर्शक भेटला, तर त्याच्याकडून काही शिकू नका; छायाचित्रापेक्षा कीटकाचा जीव मोठा. एका रात्री पानाखाली उलटा लटकून कात टाकणारा नाकतोडा मला दिसला. अंग पांढुरके, मऊ, पंख चुरगळलेले. अशा वेळी फांदी हलली आणि तो खाली पडला, तर पंख वेडेवाकडे वाळून कायमचे निकामी होऊ शकतात. मी श्वास आवरून दोनच छायाचित्रे घेतली आणि मागे सरलो. तासाभराने पाहिले तेव्हा पंख सरळ झाले होते आणि तो आपलीच कात खात बसला होता.